डब्यातली नागली

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवणी लिहायच्या म्हटलं की फळा-खडूच्याही आधी डोळ्यांपुढे येते ती फडक्यात बांधलेली नागलीची, म्हणजे नाचणीची, काळपट भाकरी. आम्हा डांगाणातल्या, म्हणजे डोंगराळ भागातल्या, पोरांचा हाच डबा. बाजारगावची मुलं पोळी आणायची, म्हणून आमची भाकरी आडोशाला बसून खाल्ली जायची, याची आजही हळहळ वाटते. होळीपासून दिवाळीपर्यंत अख्ख्या घराचे हात लागायचे त्या भाकरीला.

सुरुवात राबापासून, म्हणजे रोपासाठी जमीन भाजण्यापासून. रोपाच्या तुकड्यावर खाली शेण-गोवऱ्या, त्यावर तोडलेल्या फांद्या, मग पालापाचोळा नि गवत, आणि सगळ्यात वर भुरभुरीत मातीचा पातळ थर. पेटवायचा तो वाऱ्याच्या उलट बाजूने, म्हणजे आग वाऱ्याला तोंड देत सावकाश सरकते. वाऱ्याबरोबर लावली तर वरचा पाला भडकून जातो, जमीन तापत नाही, तणाचं बी जिवंत राहतं आणि आषाढात रोपापेक्षा गवतच जास्त निघतं. मातीचा थरही आग सावकाश चालावी यासाठीच. शिवाय राख उडत नाही.

रोप २५-३० दिवसांचं झालं की आवणी, म्हणजे रोपांची लावणी. (वर्गातली हजेरी निम्म्यावर यायची ती याच दिवसांत, आणि गुरुजींनाही ते ठाऊक असायचं.) नागलीला उताराची वरकस, म्हणजे हलकी डोंगराळ, जमीन लागते, पाणी साचलं की रोप पिवळं पडतं. त्या जमिनीत पहिल्या वर्षी नागली, मग वरई, मग खुरासणी (कारळे), आणि नंतर जमिनीला विसावा. हल्ली हा विसावाच राहिला नाही, आणि पीक घटण्याचं ते एक मोठं कारण आहे.

कणसं एकदम पिकत नाहीत, म्हणून खुडणी दोन-तीनदा. बियाण्याची टपोरी कणसं पहिल्या खुडणीलाच वेगळी काढून चुलीवरच्या धुरात टांगायची. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, ती अशाच गावठी बियाण्यांच्या जतनासाठी.

खुडणीच्याच सुमारास येते वाघबारस, आश्विन वद्य द्वादशी. गुराखी घरोघरचा शिधा आणि दूध गोळा करून रानात खीर रांधतात आणि वाघोबाला शेंदूर लावून नैवेद्य दाखवतात. गुरं ज्याच्या रानात चरतात, त्याचा मान आधी.

आता भाकरी. नागलीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नाही, म्हणून उकड काढावीच लागते. वाटीभर पिठाला साधारण वाटीभर पाणी. पाणी खळखळलं की मीठ, मग पीठ, उलथन्याने ढवळून झाकण. हाताला चटका बसेल इतकं गरम असतानाच मळायचं. गार झाल्यावर मळलं तर थापताना कडा फाटतात. पीठ पंधरा दिवसांपेक्षा जुनं असेल तर उकड काढूनही फाटतात, वर कडवट चव. तव्यावर टाकल्या टाकल्या वरून पाण्याचा हात फिरवायचा. ते पाणी सुकत आलं की उलटायची. पूर्ण सुकू दिलं तर भेगा पडतात आणि ती फुगत नाही. शेवटी निखाऱ्यावर कडेने फिरवायची.

डब्याची भाकरी गरम असताना बांधायची नाही, वाफ धरून चिवट होते. टोपलीत उभी करून निवू द्यायची, मग फडक्यात, आणि घडीत खुरासणीची चटणी.