आधी प्रकरण चौथं वाचा

जून संपला की आमच्याकडं कोल्हापुरात गुड मॉर्निंगच्या जागी "किती फुटावर हाय?" येतं. कोण किती फुटावर हे कुणी विचारत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी, ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, हे इथल्या शाळकरी पोराला पण पाठ असतं, आणि एकदा का नदी पात्राबाहेर पडली की दर तासाला मोबाईलवर आकडा येतो, फूट आणि इंच, इंचाचा पण हिशोब. एवढं बारीक लक्ष आपण दुसऱ्या कशावरच ठेवत नाही.

माझं शाहूपुरीत झेरॉक्स आणि प्रिंटिंगचं दुकान आहे. २०१९ ला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली तेव्हा मोठं मशीन खालीच राहिलं, कारण बाबांचं ठाम मत, "२००५ ला पायरीपर्यंत आलतं, त्याच्या वर येत न्हाई." आलं. मशीन गेलं, विम्याच्या कागदांचं काय झालं ते विचारू नका, त्यावर वेगळी पोस्ट होईल. २०२१ ला शहाणे झालो होतो, पाच जणांनी मिळून मशीन जिन्यावरनं वर चढवलं (एकाची कंबर अजून दुखते, बिल मला लावतो), नदी ५६ च्या पण वर गेली, मशीन वाचलं, कागदाची रिमं मात्र भिजून पाव झाली.

तर मुद्दा असा की मला संसद, समित्या, अहवाल यातलं काही कळत नव्हतं. मतदान करायचं, शाई दाखवायची, संपलं. पण माझ्या दुकानात स्पर्धा परीक्षेची पोरं पीडीएफ काढायला येतात, आणि दोन वर्षांमागं एक पोरगी एक जाड फाईल घेऊन आली, "काका, दोन्ही बाजूनं काढा आणि स्पायरल घाला". जलसंपदा खात्यावरच्या संसदीय स्थायी समितीचा अहवाल, देशातल्या पूर व्यवस्थापनावर, ऑगस्ट २०२१. म्हणजे आम्ही दुकानातला गाळ फावड्यानं काढत होतो त्याच महिन्यातला. मशीनमधनं गरम गरम पानं येत होती आणि मी पहिल्यांदाच गिऱ्हाइकाचा कागद वाचत उभा राहिलो. (वाचू नये, माहीत आहे.)

त्यात जे पहिलं डोळ्यात भरलं ते पूररेषेचं. आपल्याकडं ब्लू लाईन, रेड लाईन यावर किती भांडणं चालतात ते सांगायला नको. निळी म्हणजे २५ वर्षांत एकदा येणारा पूर जिथवर येईल ती, लाल म्हणजे १०० वर्षांतला. मला वाटायचं हे आपलं कोल्हापूरचं लफडं आहे, बिल्डर आणि आपण. तर केंद्रानं पूरप्रवण जमिनीवर काय बांधायचं काय नाही याचा नमुना कायदा राज्यांना १९७५ सालीच पाठवलाय! माझा जन्म पण नव्हता. आणि तो कुणी केला, तर मणिपूर, राजस्थान, उत्तराखंड, आणि जुनं जम्मू-काश्मीर. बस्स. आपल्याकडं रेषा आहेत, परिपत्रकं आहेत, त्या नमुन्यावरचा कायदा नाही. सगळ्यात मोठ्या पुराच्या नद्या ज्यांच्याकडं आहेत ती राज्यं यादीत दिसतच नाहीत.

मग नादच लागला. ती पोरगी पुढच्या वेळी आली तेव्हा तिलाच विचारलं, या समित्या करतात काय नेमकं? ती म्हणाली, काका, परीक्षेला येतं म्हणून वाचते, पण ऐका. अशा २४ समित्या आहेत, प्रत्येकीत ३१ खासदार, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. शेती, पर्यावरण-वन आणि विज्ञान-तंत्रज्ञान या तीन समित्या १९८९ ला आधी सुरू झाल्या, मग १९९३ ला १७ झाल्या आणि २००४ ला २४. आता विज्ञान, पर्यावरण आणि हवामान बदल यांची मिळून एकच समिती आहे, ती राज्यसभेकडं, ऊर्जेची आणि पाण्याची लोकसभेकडं. खात्याच्या सचिवाला समोर बसवून विचारतात, पैसे कुठं गेले, काम का झालं नाही. बैठक बंद दाराआड. तिथं कॅमेरा नसतो, म्हणून खासदार आरडाओरडा न करता जरा कामाचं बोलतात म्हणे. पण तोटा पण तोच, आत कुणी काय विचारलं ते आपल्याला कळत नाही, फक्त शेवटचा अहवाल कळतो. आणि समितीची मुदत एक वर्ष, म्हणजे माणसाला विषय जरा समजायला लागला की दुसऱ्या समितीत.

आणि मग तिनं जी ट्रिक सांगितली ती मला सगळ्यात जास्त आवडली. अहवालात शिफारशी असतात, त्या सरकारवर बंधनकारक नाहीत, पण तीन महिन्यांत उत्तर द्यावं लागतं, काय केलं ते. मग त्या उत्तरांवर समिती दुसरा अहवाल काढते, कृती अहवाल. त्यात ठरलेली पाच प्रकरणं. पहिल्यात समितीचं म्हणणं, दुसऱ्यात सरकारनं मान्य केलेलं, तिसऱ्यात सरकारचं उत्तर बघून समितीनं सोडून दिलेलं, चौथ्यात समितीला न पटलेली उत्तरं, पाचव्यात उत्तरच अजून आलेलं नाही ते. "काका, चौथं आधी वाचायचं, मग पाचवं. बाकीचं आपोआप कळतं."

तेव्हापासून मी तसंच वाचतो, लाईट गेल्यावर, दुकानात गर्दी नसली की.

उत्तरांची भाषा एक वेगळाच विषय आहे. लोकसभेत पुरावर कुणीही, कुठल्याही पक्षाच्या खासदारानं, कुठल्याही वर्षी काहीही विचारलं तरी उत्तरात एक वाक्य असतंच, की पूर नियंत्रणाच्या योजना संबंधित राज्य सरकारं आपापल्या प्राधान्यानुसार आखतात आणि राबवतात, केंद्र त्याला हातभार लावतं. मला आता तोंडपाठ झालंय. घटनेच्या हिशोबानं चूक पण नाही, पाणी राज्याच्या यादीत, आंतरराज्य नद्या केंद्राच्या. पण पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिळते आणि पुढं कर्नाटकात जाते, तिला कुठं माहिताय आपण कुठल्या यादीत आहे.

आपल्या विधानसभेचं तर अजून भारी. प्रश्न विचारायची पद्धतच "हे खरे आहे काय" अशी, आणि उत्तर "हे अंशतः खरे आहे". शेवटचा उपप्रश्न असतो "नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?", त्याला उत्तर "प्रश्न उद्भवत नाही". बाबांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "व्हय, प्रश्न उद्भवत न्हाई, पाणी उद्भवतंय."

आता अलमट्टी, कृष्णेवरचं कर्नाटकातलं धरण. त्याच्यामुळं आपल्याकडं पूर चढतो का, यावर इथं प्रत्येकाचं मत आहे आणि प्रत्येकाचं ठाम आहे. २०१९ च्या पुरानंतर सरकारनं वडनेरे समिती नेमली, २०२० ला तिचा अहवाल आला, त्यात अलमट्टीला दोष दिला नाही, ते आपल्याकडं बऱ्याच जणांना पटलेलं नाही. तिकडं कर्नाटकाला उंची ५१९.६० मीटरवरनं ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायची आहे, कृष्णा पाणीवाटपाच्या लवादानं २०१० लाच तशी परवानगी दिलेली. कोण बरोबर ते मी सांगणार नाही, मी झेरॉक्सवाला आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. वडनेरे समिती सरकारनं नेमलेली, तिनं अहवाल दिला की तिचं काम संपलं, पुढं त्यातलं काय केलं हे विचारायला ती परत बसत नाही. सभागृहाची समिती परत बसते. लोकांना दोन्ही "समिती" म्हणजे एकच वाटतं, "नेमली समिती, झालं गार". गार होतं ते पहिल्या प्रकारात. दुसरी तापवता येते, पण कुणीतरी खाली जाळ घालायला पाहिजे.

जाळ कमी होतोय हे पण खरं. पंधराव्या लोकसभेत साधारण ७१ टक्के विधेयकं समित्यांकडं गेली होती, सतराव्यात १६ टक्के. २०२३ चं वन संवर्धनातलं दुरुस्ती विधेयक आठवत असेल, ते पर्यावरणाच्या स्थायी समितीकडं न जाता वेगळ्या संयुक्त समितीकडं गेलं, त्या समितीनं एकही बदल सुचवला नाही, काही सदस्यांनी असहमतीच्या नोंदी लिहिल्या आणि ते पास झालं. राधानगरी, शाहूवाडी, चंदगड या आमच्या घाटाकडच्या तालुक्यांतल्या माणसाला यातलं किती कळलं? त्याला पश्चिम घाटाच्या इको-सेन्सिटिव्ह म्हणजे पर्यावरणाच्या दृष्टीनं नाजूक पट्ट्याची अधिसूचना माहीत आहे, कारण गावाचं नाव यादीत आलं की ग्रामसभा पेटते, पण त्या अधिसूचनेचा मसुदा २०१४ पासून निघतोय, सहावा ३१ जुलै २०२४ ला निघाला, केरळात वायनाडला दरड कोसळली त्याच्या दुसऱ्या दिवशी. दहा वर्षं मसुदाच. ज्यांना ती पाहिजे ते पण लटकले आणि ज्यांना नको ते पण.

आणि काही गोष्टी तर सभागृहात येतच नाहीत. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राचा आदेश निघाला, त्या हंगामात उसाच्या रसापासनं इथेनॉल करायचं नाही. कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभ्या केलेल्या, सरकारनंच करा म्हटलेलं. आठवड्याभरात आदेश जरा सैल केला, १७ लाख टन साखरेपुरती सूट दिली. ऊर्जेचं धोरण, पाण्याचं धोरण, शेतीचं धोरण, सगळं एका कागदात बदललं, विधेयक नाही, चर्चा नाही. साखर कमी पडेल ही भीती खरी असेलही. पण असला आदेश कुठल्या अभ्यासावर काढला हे सचिवाला समोर बसवून विचारायची जागा समितीच, दुसरी मला तर दिसत नाही.

सगळं निराश करणारं नाही हां. कॅगनं, म्हणजे सरकारचा हिशोब तपासणाऱ्यांनी, २०१७ ला पुरावर एक अहवाल दिलेला, त्यात होतं की देशातल्या ४,८६२ मोठ्या धरणांपैकी फक्त ३४९ धरणांचे आपत्कालीन आराखडे तयार आहेत, सात टक्के. आणि पुराची माहिती आपोआप पाठवणाऱ्या ३७५ केंद्रांपैकी २२२ ची माहितीच मिळत नव्हती. आता धरण सुरक्षेचं विधेयक बघा, पहिलं २०१० चं, समितीकडं गेलं, २०११ ला अहवाल आला, विधेयक बारगळलं, परत आणलं, परत बारगळलं. मधे जुलै २०१९ ला घाटाखाली चिपळूणजवळ तिवरे धरण फुटलं, माणसं गेली. शेवटी डिसेंबर २०२१ ला कायदा झाला. त्यात एक कलम आहे की जुन्या धरणांचे पण आपत्कालीन आराखडे कायदा लागू झाल्यापासनं पाच वर्षांत व्हायला पाहिजेत. म्हणजे डिसेंबर २०२६ ची अखेर.

राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे, "दोन उघडले", "पाच उघडले" ही आमच्याकडची पावसाळ्यातली ब्रेकिंग न्यूज. कुठला दरवाजा उघडल्यावर शहरातल्या सुतारवाड्यात किती तासांत पाणी येईल, कुणी कुणाला कधी फोन करायचा, हे म्हाताऱ्यांना अंदाजानं कळतं. लिहून ठेवलेलं मला वाचायचंय.

ती पोरगी मागच्या आठवड्यात परत आली होती, मुलाखतीचं पत्र प्रिंट काढायला. मी पैसे घेतले नाहीत. तिला म्हटलं, साहेब झालीस आणि कधी समितीसमोर बसायची वेळ आली तर उत्तर प्रकरण दोनमधलं दे. हसली आणि गेली.

काउंटरच्या मागं भिंतीवर कॅलेंडर आहे, तिथं डिसेंबरचं पान उलटून मी ३० तारखेला लाल गोल केलाय आणि खाली "धरण" लिहिलंय. बाबांनी बघितलं. "कुणाचं लगीन हाय रं?"