‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूआरटी’ कसा सुटला: माझा अनुभव

पुतण्याचा पहिल्या वर्षाचा सी प्रोग्राम होता. त्रिकोणाच्या तीन बाजू घ्यायच्या आणि हेरॉनच्या सूत्राने क्षेत्रफळ काढायचं. कोड बरोबर, मॅथ.एच (गणिताच्या फंक्शन्सची ओळख करून देणारी फाइल) जोडलेली, तरी उबुंटू या लिनक्सवर जीसीसी हा सीचा कंपायलर एकच रडगाणं लावायचा: ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूआरटी’, म्हणजे वर्गमूळ काढणारं एसक्यूआरटी हे फंक्शन सापडत नाही. ‘‘काका, -एलएम दिलंय ना! वहीत आहे तस्संच टाइप केलंय.’’ -एलएम म्हणजे गणिताची लायब्ररी जोडायची सूचना.

मी आधी एररची शेवटची ओळ बघितली. तिथे एलडीचं नाव होतं, म्हणजे तक्रार कोडचं भाषांतर करणाऱ्या कंपायलरची नाही, भाषांतरित तुकडे आणि लायब्ररी जोडणाऱ्या लिंकरची. खात्रीसाठी नुसतं -सी (फक्त भाषांतर, जोडणी नाही) देऊन बघितलं, तर ऑब्जेक्ट फाइल, म्हणजे न जोडलेला तुकडा, निमूट तयार झाली. तिच्यावर एनएम ही फाइलमधली नावं दाखवणारी कमांड चालवली. एसक्यूआरटीच्या आधी ‘यू’ हे अक्षर होतं, म्हणजे हे फंक्शन बाहेरून यायचंय. मग ते येत का नव्हतं?

वहीतली कमांड अशी होती: ‘जीसीसी -एलएम एरिया.सी -ओ एरिया’. लिंकर डावीकडून उजवीकडे वाचत जातो. -एलएम समोर आलं तेव्हा गणिताची लायब्ररी कोणी मागितलेलीच नव्हती, म्हणून त्याने ती सोडून दिली. मागणी आली ती त्यानंतरच्या एरिया.सीमधून, आणि लिंकर मागे वळून बघत नाही. -एलएम शेवटी नेलं आणि प्रोग्राम लगेच बिल्ड झाला.

वहीतल्या कमांडला सरसकट चूक म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. उबुंटूने 11.10 पासून लिंकरला ‘--ॲज-नीडेड’ (गरज असेल तरच लायब्ररी जोड) ही सूचना आपणहून द्यायला सुरुवात केली. त्याआधी शेअर्ड लायब्ररी (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात ती) कुठेही लिहिली तरी जोडली जायची. मॅकवर तर -एलएमची गरजच पडत नाही.

पुतण्याला खरं कोडं पडलं होतं ते मित्राच्या प्रोग्रामचं. त्यातही एसक्यूआरटी होतं आणि तो -एलएमशिवाय चालत होता! उघडून बघितलं तर कंसात थेट 16.0 लिहिलेलं. आकडा आधीच माहीत असला की जीसीसी वर्गमूळ स्वतःच काढून ठेवतो, फंक्शनला हाक मारायची वेळच येत नाही. स्कॅनएफने, म्हणजे प्रोग्राम चालू असताना वापरणाऱ्याकडून, बाजू घेतल्या की ती येतेच. म्हणून लायब्ररी तपासायची तर वापरणाऱ्याकडून आलेल्या आकड्यावरच तपासावी, असं माझं ठाम मत आहे.

पुढे त्याने मेकफाइल (मेक या प्रोग्रामला बिल्ड कसं करायचं ते सांगणारी फाइल) लिहायला घेतली, तेव्हा -एलएम ‘एलडीफ्लॅग्ज’मध्ये न घालता ‘एलडीलिब्ज’मध्ये घालायला सांगितलं. मेकच्या तयार नियमात एलडीफ्लॅग्ज फाइलच्या आधी येतात, एलडीलिब्ज नंतर.