न्यूयॉर्कची सकाळ, आमची संध्याकाळ

सी. रामचंद्रांच्या गाण्यांतला ट्रंपेट लहानपणापासून कानात बसलेला. त्यांच्याकडे ट्रंपेट वाजवणारे चिक चॉकलेट गोव्यातल्या हळदोण्याचे, आणि मुंबईच्या हॉटेलांत त्यांचा जॅझ बँड गाजत होता, हे मला फार उशिरा समजलं. तिथून जॅझची गोडी लागली. पण ॲपने निवडून दिलेल्या याद्यांनी मन भरेना. गाण्यामागे कोणीतरी बोलणारं माणूस हवं होतं.

2018 साली डब्ल्यूकेसीआर सापडलं. हे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचं रेडिओ केंद्र, विद्यार्थी चालवतात. तिथे फिल शाप 1981 पासून सकाळी जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करवर कार्यक्रम करत होते. एखादं ध्वनिमुद्रण कुठल्या दिवशी झालं, कोण ड्रमवर होतं, यावर ते इतकं बोलत की गाणं सुरू व्हायला वेळ लागे. मला ते बोलणंच आवडायचं.

ऐकणं मात्र सोपं नव्हतं. रेडिओचं ॲप घेतलं, तर स्क्रीन बंद झाली की दहा मिनिटांत आवाज गप्प. बॅटरी वाचवण्यासाठी फोनच ॲप बंद करत होता, हे कळायला आठवडा गेला. शेवटी केंद्राच्या स्वतःच्या साइटवरून थेट प्रक्षेपणाचा पत्ता घेऊन व्हीएलसी या प्लेअर ॲपमध्ये टाकला आणि व्हीएलसीला बॅटरी सेव्हरमधून वगळलं. तेव्हापासून त्रास नाही. डेटाची भीतीही फुकाची निघाली: 128 केबीपीएस वेगाच्या प्रक्षेपणाला तासाला साधारण 58 एमबी लागतात.

खरी गडबड वेळेची. शापांचा कार्यक्रम तिकडे सकाळी 8.20ला असे, म्हणजे आपले संध्याकाळचे 5.50. चहा टाकायचा आणि रेडिओ लावायचा, असं ठरूनच गेलं होतं. नोव्हेंबरातल्या एका सोमवारी लावला, तर शापांचा आवाजच नाही. पत्ता तपासला, फोन बंद करून चालू केला, काही उपयोग नाही. तासाभराने, चहाची भांडी घासून झाल्यावर, अचानक तेच बोलू लागले. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा पुढे. आता कॅलेंडरवर दोन्ही रविवारांना लाल गोल असतो.

रविवारी सकाळी आठला अमेरिकेतल्याच न्यू ऑर्लिन्सचं डब्ल्यूडब्ल्यूओझेड हे रेडिओ केंद्र. उन्हाळ्यात तिथे तेव्हा शनिवारची रात्र, साडेनऊ. आज शहरात कुठे कोण वाजवणार याची यादी वाचतात. पोहे भिजवताना मी ती नावं ऐकत राहते.

शाप 2021 मध्ये गेले. पण 29 ऑगस्टला, पार्करच्या वाढदिवशी, डब्ल्यूकेसीआरवर अजूनही दिवसभर पार्करच असतो. आपल्याकडे सकाळी साडेनऊला सुरुवात. गेल्या खेपेला एका तरुण मुलीने एक टेक, म्हणजे गाण्याच्या अनेक ध्वनिमुद्रणांपैकी एक, लावला, मध्येच थांबवला, चुकीचा लागला म्हणून माफी मागितली आणि बरोबरचा टेक पहिल्यापासून लावला. मी तव्याखालचा गॅस बंद केला आणि स्टूल ओढून बसले.