व्हाउचरच्या मुदतीचा शेवटचा दिवस

दुपारी दोनच्या सुमारास त्या बाई ऑफिसात आल्या तेव्हा त्यांच्या अंगावर नर्सिंग होमचा गणवेशच होता. रात्रपाळी करून, धाकट्याला शाळेत सोडून, घराच्या मंजुरीच्या अर्जावर घरमालकाची सही घेऊन तशाच आलेल्या. व्हाउचरची मुदत पाच वाजता संपणार होती.

मी अमेरिकेतल्या एका शहराच्या हाउसिंग अथॉरिटीत काम करते. आमच्या स्वतःच्या इमारतींतली घरं कमी भाड्यानं देणं हे आमचं जुनं काम, १९३७ च्या कायद्यापासूनचं. माझ्याकडे मात्र व्हाउचरांचं खातं आहे. १९७४ साली आलेल्या ‘सेक्शन ८’ या भाड्याच्या मदतीच्या योजनेचं आजचं रूप म्हणजे ही व्हाउचरं. घर खाजगी मालकाचं. भाडेकरूनं वजावटी जाऊन उरलेल्या उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भरायचे, बाकीचे आम्ही थेट मालकाला देतो. पैसा येतो तो केंद्राच्या गृहनिर्माण खात्याकडून, म्हणजे हडकडून, आणि तो सगळ्यांना पुरत नाही. पात्र असलेल्या साधारण चार कुटुंबांतल्या एकालाच भाड्याची मदत मिळते. बाकीचे यादीत थांबतात, कित्येक जण वर्षानुवर्षं.

म्हणूनच व्हाउचर हातात येऊनही घर मिळालं नाही, तर माझा जीव तुटतो. शोधायला निदान ६० दिवस द्यावेच लागतात. यांना वाढवून दिलेली मुदतही संपत आली होती. व्हाउचरचं नाव काढलं की मालक ‘घर गेलं’ म्हणून फोन ठेवायचे. काही राज्यांत असा नकार देणं बेकायदा आहे. पण ते सिद्ध करत बसायला रात्रपाळीच्या माणसाकडे वेळ कुठून यायचा?

अर्ज हातात घेतला आणि आकडेमोड केली. त्यांचं हिशेबी उत्पन्न महिना २००० डॉलर, म्हणजे त्यांचा वाटा ६००. दोन बेडरूमच्या घराला, भाडं आणि गॅस-वीज धरून, आमची कमाल मर्यादा १५००, म्हणजे आम्ही जास्तीत जास्त ९०० देऊ शकतो. मालकानं मागितलेलं भाडं १६५०, आणि गॅस-विजेचा अंदाजी खर्च १५० त्यांच्या माथी. एकूण १८००. आमचे ९०० वजा केले की त्यांच्यावर ९०० पडतात, उत्पन्नाच्या ४५ टक्के. घर मर्यादेपेक्षा महाग असेल तर नव्या करारात हा वाटा ४० टक्क्यांच्या वर जाऊन चालत नाही. नियम त्यांच्याच भल्याचा आहे, हे मला पटतं. पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून तो सांगायला जड गेलं.

“मी आणखी एक पाळी घेईन,” त्या म्हणाल्या. “१०० डॉलर मी वरून देते ना मालकांना.”

तसं करता येत नाही. करारात नसलेलं भाडं वरून घेणं हा गुन्हा ठरतो आणि व्हाउचर जातं ते वेगळंच.

मालकांना फोन लावला. वयस्कर गृहस्थ, खाली स्वतः राहणार, वरचा मजला पहिल्यांदाच व्हाउचरवर देणार. भाडं कमी करायला ते तयार नव्हते. मग मी विचारलं, गॅसचं मीटर वरच्या मजल्याला वेगळं आहे का? नव्हतं. दोन्ही मजले गरम ठेवणारा एकच बॉयलर, एकच बिल. निम्मं-निम्मं करायचा त्यांचा विचार होता.

“मग हीटिंग तुमच्याकडे ठेवा,” मी म्हटलं. “बिल तसंही तुमच्याच नावावर येतं. आमचा हिस्सा तुम्हाला दरमहा थेट मिळेल.”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बरं, लिहा तसं.”

हीटिंग वगळून भाडेकरूकडे फक्त ५० डॉलरची वीज उरली. एकूण १७००, त्यांचा वाटा ८००, बरोबर ४० टक्के. त्या भागातल्या तशाच घरांच्या भाड्यांशी तुलना करूनही १६५० रास्त ठरलं. नवा कागद मालकांनी सही करून पाठवला आणि पाचच्या आत मी अर्जावर शिक्का मारला. अर्ज दाखल झाला की आमचा निर्णय होईपर्यंत मुदतीचं घड्याळ थांबतं. हे अनेकांना ठाऊकच नसतं; आम्ही ते पहिल्या बैठकीतच ठासून सांगायला हवं, असं मला फार वाटतं.

पुढे तपासणीत घर पहिल्यांदा नापास झालं. १९७८ च्या आधीचं बांधकाम, खिडकीच्या चौकटीचा रंग सुटलेला, आणि धाकटा चार वर्षांचा. त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं, आणि मुलं खिडकीशी खेळता खेळता तोंडात हात घालतात. जाणकार माणसाकडून रीतसर काम करून घेतल्याशिवाय आणि नंतर धुळीची चाचणी झाल्याशिवाय आम्ही एक डॉलरही देत नाही. मालक कुरकुरले, पण काम चोख करून घेतलं.

डिपॉझिट मात्र व्हाउचरमधून मिळत नाही. ते त्यांनी मालकांना हप्त्यांनी द्यायचं ठरवलं.

करारावर सही करताना त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, “माझे कामाचे तास वाढले तर हे सगळं काढून घेतील का?”

नाही, मी सांगितलं. वाढलेल्या प्रत्येक डॉलरमागे तुमचा वाटा साधारण ३० सेंटनी वाढेल, बाकीचं तुमचंच. फक्त आम्हाला वेळेवर कळवा.

“मग मी शनिवारची पाळी मागून घेते,” त्या म्हणाल्या.