तुम्ही विचारलंत म्हणून: रेसिडेंट इव्हिल कुठून सुरू करायचा?

"काका, रेसिडेंट इव्हिल कुठून सुरू करू? आणि ते मालिकेच्या आकड्याबाहेरचे जोड-गेम, स्पिन-ऑफ म्हणतात ते, घ्यायचे की सोडायचे?" कॉलेजातले पोट्टे विचारतात, भाचे विचारतात, एका एमआरनं, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीनं, तर बॅगेतून सॅम्पल काढता काढता विचारलं होतं. धरमपेठेत औषधांचं दुकान चालवणारा, पन्नाशीला टेकलेला माणूस झॉम्बींच्या गेमवर तासभर बोलू शकतो, याचं त्यांना नवल वाटतं. मला नाही वाटत. ज्या मालिकेत खलनायक म्हणून एक औषध कंपनीच उभी केली आहे, ती केमिस्टनं नाही खेळायची तर कोणी?

आधी सरळ उत्तर देतो. पहिलाच खेळा, पण १९९६चा नाही. त्याचा २००२ साली जो रीमेक आला, तो घ्या. २०१५पासून तो पीसीवरही मिळतो आणि सेल लागला की सावजीच्या एका जेवणाच्या आतबाहेर पडतो. घाईत असाल तर इथेच थांबलात तरी चालेल.

आता कारण. या मालिकेतली भीती झॉम्बींची कमी आणि स्टॉकची जास्त आहे. शिंजी मिकामी यांच्या दिग्दर्शनाखाली कॅपकॉम या जपानी गेम कंपनीनं केलेला पहिला गेम म्हणजे आर्कले डोंगरातला एक प्रचंड वाडा आणि त्यात अडकलेलं पोलिसांचं एक पथक. जिल व्हॅलेंटाइन घेतली तर सामानाला आठ खण, ख्रिस रेडफिल्ड घेतला तर सहाच. त्या खणांत पिस्तूल, गोळ्या, जखमेवरची हिरवी जडीबुटी आणि पुढच्या दाराची किल्ली, सगळं बसवायचं. नवी किल्ली सापडली आणि खण भरलेले असले की परत फिरायचं, ट्रंकेत काहीतरी टाकायचं, आणि मघाशी जो झॉम्बी चुकवून आलो त्याच्याच समोरून पुन्हा जायचं. गेम सेव्ह करायलाही टाइपरायटर गाठावा लागतो, त्यात शाईची रिबन घालावी लागते, आणि रिबनी मोजक्या. लोडशेडिंगच्या काळात ज्यांनी नागपुरात हा गेम खेळलाय त्यांना वेगळं सांगायला नको. टाइपरायटर दोन खोल्यांवर आहे, मनगटावरचं घड्याळ लाइट जायची वेळ दाखवतंय, आणि दाराआड कोणीतरी पाय घासत चाललंय. ती भीती कॅपकॉमनं छापून दिलेली नव्हती, पण चपखल बसली.

"दिवसभर गोळ्या मोजता, रात्रीही गोळ्याच मोजता," असं बायको म्हणते. खरं आहे.

रीमेकमध्ये या हिशोबाला आणखी एक पीळ घातला. मारलेला झॉम्बी तसाच टाकून गेलात तर काही वेळानं तो उठतो, लालबुंद होऊन, नखं वाढवून, आणि या वेळी धावत येतो. उपाय दोनच: गोळी झाडून डोकं उडवायचं, जे तुमच्या हातात फारसं नसतं, किंवा प्रेत रॉकेल ओतून जाळायचं. पण रॉकेलची बाटली आणि लायटर, दोन्ही जवळ हवीत. जिल असेल तर आठातले दोन खण तिथेच गेले. बाटलीत फार मावतही नाही, त्यामुळे कोणतं प्रेत जाळायचं आणि कोणत्या वाटेनं पुन्हा जायचंच नाही, हे नकाशा समोर ठेवून ठरवावं लागतं. भूत अंगावर सोडून दचकवणं कुणालाही जमतं. जमिनीवर पडलेल्या प्रेताकडे बघून माणूस आकडेमोड करू लागतो, ही भीती मला इतर कुठल्या गेमनं दिली नाही.

त्याच वाड्यात एक डायरी सापडते. प्राणी सांभाळणाऱ्या नोकराची, मे १९९८ची. सुरुवातीला मित्रांबरोबर पत्त्यांचा डाव. मग खालच्या प्रयोगशाळेत काहीतरी अपघात झाल्याची कुजबुज. मग अंगाला खाज, सूज, ताप. खाजवताना मांसाचा लगदाच हाताला लागतो, हेही तो लिहून ठेवतो. नोंदी आखूड होत जातात आणि शेवटी दोनच शब्द उरतात: खाज. चवदार. काउंटरवर रोज कोणी ना कोणी लक्षणं सांगत असतं, त्यातला क्रम माझ्या ओळखीचा आहे, म्हणून ही पानं मला झॉम्बींपेक्षा जास्त लागतात.

वाड्याखालची प्रयोगशाळा अम्ब्रेला कंपनीची. बाहेर औषधं विकायची, आत माणसाचा झॉम्बी करणारा टी-व्हायरस बनवायचा. रॅकून सिटी जवळपास तिच्याच जिवावर चालणारं गाव, त्यामुळे तिथे तिला कोणी प्रश्न विचारत नाही. १९९८च्या दुसऱ्या आणि १९९९च्या तिसऱ्या भागात हे गाव संपतं. आणि मग २००५ साली आलेल्या चौथ्या भागात गंमत होते. सुरुवातीच्या निवेदनातच सांगून टाकतात की सरकारनं अम्ब्रेलाचं कामकाज बंद पाडलं, शेअर कोसळले, कंपनी खलास. इतकी वर्षं जिच्याशी झुंजलो तिचा निकाल शेअर बाजारात लागला! धंद्यातला माणूस म्हणून मी हसलो, खेळाडू म्हणून चिडलो. (गेम मात्र उत्तम. त्यात खणांऐवजी ब्रीफकेस आहे, आणि बंदुका आडव्या-उभ्या फिरवून एमआरच्या बॅगेसारखी ती लावण्यात माझी अर्धी रात्र जाते.)

स्पिन-ऑफ जन्मतात ते अशा भोकांतून. अम्ब्रेला नेमकी कशी पडली, हे दाखवायला २००७ मध्ये निन्टेन्डोच्या वी या कन्सोलवर 'द अम्ब्रेला क्रॉनिकल्स' आला. ख्रिस आणि जिल कंपनीच्या रशियातल्या तळावर चालून जातात, ते त्यात आहे. पण गेम आपोआप पुढे सरकतो, आपण नुसता नेम धरायचा, आणि पिस्तुलाच्या गोळ्या संपतच नाहीत. गोळ्या संपत नसतील तर मग उरलं काय? त्यातले कथेचे तुकडे यूट्यूबवर बघा, काम होतं. २०१२चा 'ऑपरेशन रॅकून सिटी' तुम्हाला अम्ब्रेलाच्याच सैनिकांत भरती करतो. कल्पना झकास, प्रत्यक्षात नुसता धडधडाट. २०१६चा 'अम्ब्रेला कॉर्प्स' तर फुकट मिळाला तरी डिस्कची जागा वाचवा. आकडेवालेही सगळे सोवळे आहेत असं नाही हं. सहावा भाग धडधडाटच आहे, आणि सातव्याला २०१७ मध्ये लुइझियानातल्या एका घरात परत शिरावं लागलं तेव्हा कुठे जीव आला.

'रेव्हेलेशन्स' मात्र खेळा. पहिला २०१२ साली निन्टेन्डोच्या थ्रीडीएस या हातात धरून खेळायच्या कन्सोलवर आला होता. भूमध्य समुद्रात तरंगणारं एक ओसाड जहाज, क्वीन झेनोबिया, आणि त्यात आपली जिल. २०१५च्या दुसऱ्यात मोइरा नावाची मुलगी आहे, ती बंदूक हातात धरत नाही. टॉर्चनं दिपवायचं आणि पहारीनं हाणायचं, एवढंच. तिच्याबरोबर चालताना गोळ्यांचा हिशोब आपोआप कडक होतो.

मधे काही महिने मी यातलं काहीच खेळलो नाही. २०२१च्या एप्रिलमध्ये लोक रेमडेसिविरची चिठ्ठी घेऊन दुकानासमोर उभे राहायचे, आणि माझ्याकडे द्यायला काही नसायचं. आठवा भाग, 'व्हिलेज', त्याच मे महिन्यात आला. त्या वर्षी मी त्याला हात लावला नाही. तुटवड्याची मजा घ्यायला घरात पुरवठा असावा लागतो.

परतलो तो 'आउटब्रेक'वर. २००३चा, प्लेस्टेशन २चा. मला विचाराल तर सगळ्या मालिकेतला हाच स्पिन-ऑफ खरा. रॅकून सिटी बुडत असताना पोलिसांच्या खास पथकातली नसलेली आठ माणसं: वेट्रेस, प्लंबर, भुयारी रेल्वेतला कर्मचारी, रखवालदार, पत्रकार, असे. बहुतेकांना खण चारच. सामान बघायला मेनू उघडला तरी वेळ थांबत नाही, म्हणजे तुम्ही पिशवीत हात घालून चाचपताय आणि झॉम्बी चालतच येतोय. वर प्रत्येकाच्या अंगात विषाणू आधीच शिरलेला असतो. टक्का चढत राहतो, शंभर झाला की संपलं. मी नेहमी डॉक्टर जॉर्ज हॅमिल्टन घेतो. त्याच्या पेटीत जडीबुटीच्या गोळ्या करता येतात. सवय जात नाही, राजेहो.

हा गेम मूळचा ऑनलाइन चौघांनी मिळून खेळायचा. आमच्याकडे तेव्हा ते जमण्यातलं नव्हतं, संगणकाचे साथीदार घेऊन खेळलो, आणि तेही ऐन वेळी भलत्याच खोलीत फिरत असायचे. तरीही सांगतो, आधी रीमेक, मग दुसऱ्याचा २०१९चा रीमेक, मग 'आउटब्रेक'. 'आउटब्रेक'ला कुचकामी म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट: २०२५ मध्ये नवव्या भागाची, 'रेक्विएम'ची घोषणा झाली, तेव्हा नायिका निघाली ग्रेस ॲशक्रॉफ्ट, म्हणजे 'आउटब्रेक'मधल्या त्या पत्रकार अलिसाची मुलगी.

अडचण एवढीच की 'आउटब्रेक'साठी जुनं प्लेस्टेशन २ आणि मूळ डिस्क शोधावी लागते. कुणाच्या माळ्यावर पडली असेल तर दुकानात आणून द्या. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक कमी असतं.