रुग्णालयाचा जनरेटर पुराच्या वर नेताना: सांगलीतला माझा अनुभव

स्लॅब जनरेटरचं वजन पेलेल याचा दाखला आधी घ्या, जनरेटर हलवायच्या मंजुरीचा अर्ज मागाहून करा. हे पहिल्याच दिवशी कळलं असतं तर आमचे दोन महिने वाचले असते.

काम एवढंच: तळमजल्यावरचा 62.5 केव्हीएचा जनरेटर, मीटर आणि मुख्य पॅनेल वरच्या मजल्यावर न्यायचं. उंची ठरवायला अर्धा दिवस लागला. 2019 च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी 45. पण पुलावरचे फूट आपल्या भिंतीवर कामाचे नाहीत. जिन्याखाली त्या पाण्याची मातकट रेघ अजून आहे. पारदर्शक नळीत पाणी भरून तीच पातळी खोल्याखोल्यांतून फिरवली, खडूने आखली आणि वर दोन फूट जास्तीचे धरले.

अडलं ते मंजुरीत. अर्ज तीनदा परत आला, दर वेळी एकच त्रुटी दाखवून. आधी जागामालकाचं संमतिपत्र. ते दिलं, तर सिंगल लाइन डायग्रामवर (वीजजोडणीच्या आराखड्यावर) परवानाधारक ठेकेदाराची सही नाही. ती आणली, तर स्लॅब वजन पेलेल याचा दाखला कुठाय? तिन्ही कागद पहिल्याच खेपेला मागता आले असते. जून लागला तरी जनरेटर खालीच, आणि वर पेशंट ऑक्सिजनवर. याचा राग अजून जात नाही. म्हणून सांगतो, अर्ज देतानाच लागणाऱ्या सगळ्या कागदांची यादी लेखी मागा.

तिसरी मागणी मात्र रास्त होती. कॅनॉपीसकट, म्हणजे बाहेरच्या पेटीसकट, जनरेटर दीड टनाच्या आसपास, खालची जागा तीन चौरस मीटर. म्हणजे चौरस मीटरला 500 किलो. आमची इमारत मुळात बंगला, आणि राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला 200 किलो वापरभार (माणसं, सामान यांचं वजन) धरून काढतात. शेवटी कॉलम ते कॉलम लोखंडी गर्डर टाकले, त्यावर रबरी पॅड, मग जनरेटर. स्लॅबवर भारच नाही.

एक राहिलंच. तळमजल्याचं वायरिंग वेगळ्या ब्रेकरवर घ्या. नाहीतर खालचे सॉकेट बुडाले की वरचा पुरवठाही ट्रिप होतो आणि एवढा खर्च वाया.

ड्रेनेजच्या चेंबरला नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही (पाणी फक्त बाहेर जाऊ देणारा) हवा, कारण पाणी दारातून यायच्या आधी संडासातून वर येतं. मे महिन्यात झाकण काढून त्याची झडप हाताने हलवून बघा. गाळ बसला असेल तर ती मिटतच नाही.