लायन्स मेन: आयोडीन अखेर निळं पडलं नाही!

मंडळी, लायन्स मेन या खाद्य मशरूमच्या मायसेलियमवर (बुरशीच्या तंतूंच्या जाळ्यावर) आयोडीनचा थेंब टाकला आणि रंग पिवळसर तपकिरीच राहिला! धान्यावर वाढवलेल्या मायसेलियमची पावडर दर वेळी काळीनिळी पडायची. म्हणजे स्टार्च, म्हणजेच बरंचसं धान्यच.

लायन्स मेनमधल्या संयुगांपैकी हेरिसेनोन फ्रूटिंग बॉडीत (वर उगवणाऱ्या मशरूममध्ये), एरिनासिन मायसेलियममध्ये, हे आपण आधी बोललोच आहोत. २००९चा जपानी प्रयोग (५० ते ८० वयाचे, सौम्य विस्मरणाचे ३० जण, १६ आठवडे) फ्रूटिंग बॉडीच्या पावडरीचा होता. त्या पावडरीच्या गोळ्या थांबवल्यावर चार आठवड्यांत चाचणीतले वाढलेले गुण पुन्हा घसरले, हे विसरू नका. माझा जीव मात्र एरिनासिन ए मध्ये अडकलाय, कारण ते दिलेल्या उंदरांच्या मेंदूत एनजीएफ (चेतापेशींच्या वाढीला मदत करणारं प्रथिन) वाढलेलं आढळलंय.

पण तंतू दाण्याच्या आतपर्यंत शिरतात. चाळून पाहिलं, चोळून पाहिलं, सुटतच नाहीत. म्हणून लिक्विड कल्चरकडे (धान्याऐवजी पोषक द्रवात तंतू वाढवण्याकडे) वळलो. तिथेही माल्ट एक्स्ट्रॅक्टने घोळ घातला: त्यातल्या डेक्स्ट्रिनमुळे (स्टार्चच्या तुटलेल्या तुकड्यांमुळे) आयोडीन लालसर व्हायचं आणि निकाल वाचताच येईना. आता नुसतं ग्लुकोज, थोडं पेप्टोन (प्रथिनांपासूनचं खाद्य) आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्ट. मायसेलियम गाळून तीनदा पाण्याने धुतलं, उकळून पूर्ण गार केलं, मग आयोडीन. स्वच्छ!

मॅग्नेटिक स्टररबद्दल (चुंबकी दांडी फिरवून द्रव ढवळणाऱ्या यंत्राबद्दल) माझं मत बदललंय. लायन्स मेनचे तंतू त्या दांडीला गुंडाळून एकच गोळा होतो. बरणीत काचेच्या गोट्या टाकून रोज हाताने हलवलं की बारीक, एकसारखे गोळे मिळतात. आणि जे विक्रेते ‘शुद्ध मायसेलियम’ लिहून स्टार्चचा आकडा छापत नाहीत, त्यांच्याकडून मी काही घेणार नाही.

आता अर्क काढताना अल्कोहोलचा आणि पाण्याचा असे दोन्ही द्रव एकत्र करायचा बेत होता, पण हे लिहितानाच तो मोडला. एरिनासिन डायटरपिनॉइड गटातलं संयुग, ते अल्कोहोलमध्ये उतरतं. बीटा-ग्लुकन (बुरशीच्या पेशीभित्तीतली बहुशर्करा) गरम पाण्यात. एकत्र केले की अल्कोहोलमुळे ग्लुकन साका होऊन तळाशी बसतं. मग आधी अल्कोहोल, उरलेला चोथा पाण्यात, आणि दोन बाटल्या वेगळ्या.

स्टार्च नाही म्हणजे एरिनासिन आहेच असं नाही, त्याला एचपीएलसी (संयुगं वेगळी करून मोजणारी प्रयोगशाळेतली चाचणी) लागेल. धुतलेला नमुना वाळत घातलाय. सोबत त्याच स्ट्रेनचा (वाणाचा) धान्यावरचाही तपासणीला पाठवतो, म्हणजे तुलना होईल. कुणाकडे दुसरा स्ट्रेन ग्लुकोजवर वाढत असेल तर थोडा बाजूला काढून ठेवा, एकाच खेपेत तपासून घेऊ.